फ्रेम नवऱ्याच्या मापाची, पाठ तुमची

वाचकाचं पत्र, थोडक्यात

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. माहेर कोल्हापूरचं, वय 37, दोन लहान मुलं. उंची 5 फूट 2 इंच, वजन 128 पौंड. नवरा चांगला 6 फुटी. तो काही वर्षांपासून ऑफिसातल्या एका मित्राबरोबर एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातो. यंदा ऑक्टोबरअखेरच्या रायफल हंगामात याही जाणार आहेत. टॅग, म्हणजे एकेका जनावराच्या शिकारीचे परवाने, नवऱ्याच्या आणि मित्राच्या नावावर आहेत, या सोबतीला आणि मांस उतरवायच्या मदतीला. जागा गाडीरस्त्यापासून सुमारे 3 मैल आत.

प्रश्न बॅकपॅकचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, एकच मोठी मोड्युलर फ्रेम, म्हणजे सुटे भाग जोडायचा पाठीवरचा सांगाडा, घेऊ, त्यावर 7000 क्युबिक इंचांची बॅग लावू आणि दोघांत वापरू. "जड मी उचलतो, तू तुझी हायकिंगची बॅग घे." मित्र म्हणतो, गॅरेजमध्ये माझी जुनी फ्रेम पडली आहे, फुकट घेऊन जा. बाईंनी स्वतः वेबसाइट पाहिली तर फ्रेम वेगळी, कमरपट्टा वेगळा, बॅग वेगळी, वरचं झाकण वेगळं, पाऊच वेगळे, आणि बेरीज 800 डॉलरच्या पुढे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर पाठ वर्षभर दुखत होती, आता बरी आहे. त्या विचारतात: "पहिल्याच वर्षी एवढा खर्च करणं शहाणपणाचं आहे का? आणि करायचाच तर कोणती बॅग घेऊ?" जाता जाता आईचा फोनवरचा प्रश्नही लिहिला आहे: "तिकडं शिकार चालते होय गं?"

उत्तर

तुमच्या पत्रात बॅगेचं माप आहे, नवऱ्याची उंची आहे, गॅरेजमधल्या फ्रेमची किंमत आहे. तुमच्या पाठीची लांबी मात्र कुठेच नाही. सुरुवात तिथूनच करू, कारण माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न त्या एका मापाने सुटतो.

नवऱ्याला टेप घेऊन मागे उभं करा. मान पुढे झुकवली की मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळक वर येतं. तिथून टेप खाली सोडायची. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. अंगठे ज्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतात, त्या रेषेपर्यंत पाठीच्या कण्यावरून जे अंतर भरेल ते तुमचं माप. मग तेच माप त्यांचं घ्या. तुमच्या दोघांच्या उंचीत 10 इंचांचा फरक आहे, त्यामुळे या मापातही चांगला फरक निघेल असं धरून चला.

"एकच फ्रेम दोघांत" यात गृहीत असं धरलंय की खांद्याचे पट्टे वरखाली सरकवले की काम झालं. पट्टे सरकतात, खरं आहे. पण फ्रेमची उंची तीच राहते आणि कमरपट्टाही तोच राहतो. शिकारीच्या फ्रेममध्ये ओझ्याचा मोठा वाटा कमरेच्या हाडांवर बसायला हवा, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा. कमरपट्टा त्या हाडांना वरून कवेत घेणारा हवा. तो 6 फुटी माणसाच्या कमरेचा असेल तर तुम्ही बकल शेवटपर्यंत ओढाल, पुढची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतील आणि पट्टा तरीही सैल राहील. मग चढावर तो हळूहळू घसरत नितंबांवर येतो आणि सगळं वजन खांद्यांवर लटकतं. जीन्सचा नंबर सांगून पट्टा मागवू नका. कमरेच्या हाडांवरून, ऑक्टोबरात जेवढे कपडे घालणार तेवढे घालून, घेर मोजा.

दुसरी गोष्ट खांद्यांच्या वरची. फ्रेमच्या वरच्या टोकापासून खांद्याच्या पट्ट्यांपर्यंत दोन छोटे पट्टे येतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते ओढले की ओझं पाठीकडे खेचलं जातं आणि खांद्यावरचा दाब हलका होतो. त्यासाठी फ्रेम खांद्यांपेक्षा थोडी उंच लागते, म्हणजे ते पट्टे साधारण 45 अंशात वर जातात. उंच माणसाची फ्रेम तुमच्या पाठीवर मात्र डोक्याच्याही वर जाईल. चढावर मान वर केली की टोपीला धडकेल, आडव्या पडलेल्या फांद्यांखालून जाताना अडकेल. एक फ्रेम दोघांत वापरणं म्हणजे एकाला नेहमी चुकीच्या मापाची मिळणं, आणि इथे तो एक कोण, हे उघड आहे.

आता लिटरांकडे, म्हणजे क्युबिक इंचांकडे. 7000 क्युबिक इंच म्हणजे जवळपास 115 लिटर. आठवडाभर तंबू ठोकून डोंगरात राहणाऱ्याला ती लागते. तुम्ही गाडीपासून 3 मैल आत जाऊन संध्याकाळी तळावर परतणार असाल, तर तुमच्या स्वतःच्या सामानाला 2000 ते 3000 क्युबिक इंच पुष्कळ झाले. जास्तीचा कोट, पाणी, जेवण, हेडलॅम्प, प्रथमोपचार, सुरी, मांसाच्या कापडी पिशव्या, बस. मोठ्या बॅगेचा मोह असा होतो की मांस बॅगेत भरायचंय असं आपल्याला वाटतं. या फ्रेमची खरी खुबीच वेगळी आहे. बॅग फ्रेमपासून सुटते आणि दोहोंच्या मध्ये जी जागा होते तिथे मांस बसतं. खाली एक कापडी फळी असते, तिच्यावर मांसाची पिशवी टेकते, बाजूचे पट्टे तिला पाठीशी आवळतात, आणि बॅग त्या सगळ्याच्या बाहेर राहते. सर्वांत जड वस्तू कण्याच्या सर्वांत जवळ. बॅगेत रक्त नाही, कोट कोरडा.

ही कल्पना जुनीच आहे. लाकडी चौकटीला कॅनव्हास ताणून लोक ओझी वाहत होतेच. 1952 मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या फ्रेम विकायला सुरुवात केली आणि वजन कमरेवर घेण्याची रीत हळूहळू रुळली. आज शिकारीच्या फ्रेम बनवणाऱ्यांपैकी स्टोन ग्लेशियर मॉन्टानातल्या बोझमनची, एक्सो आणि एबरलेस्टॉक आयडाहोतल्या बॉइझीच्या, आणि सीक आउटसाइड तुमच्याच राज्यातल्या ग्रँड जंक्शनची. कुणी कार्बन फायबर वापरतं, कुणी टायटॅनियम, कुणी ॲल्युमिनियम. यातली "सर्वांत चांगली" कोणती हे मी सांगणार नाही, कारण तुमच्या मापाचा पट्टा आणि तुमच्या मापाची फ्रेम ज्यांच्याकडे आहे ती तुमच्यासाठी चांगली. त्यांना फोन करा, तुमची दोन्ही मापं सांगा, आणि सरळ विचारा: 5 फूट 2 इंचांच्या बाईला तुमची कोणती फ्रेम आणि कोणता पट्टा बसतो? जो नीट प्रतिप्रश्न विचारेल त्याच्याकडून घ्या.

पण त्याआधी ओझं किती येणार ते बघू.

मोठ्या नर एल्कचं जिवंतपणी वजन 700 पौंडांच्या आसपास असतं. हाडं काढून साधारण 200 पौंड मांस हाती येतं, कमी-जास्त होतं. मादी लहान, तिचं 150 पौंडांच्या घरात. हाडासकट नेलं तर नराची एक मागची तंगडीच 60-70 पौंडांच्या पुढे जाते. कोल्हापूरच्या मटणाच्या दुकानात टांगलेला अख्खा बोकड डोळ्यांसमोर आणा, त्याहून ही एक तंगडी जड. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येता येत नाही, आणि येता येत असतं तरी टाकू नये. म्हणून शिकारीचा सगळा हिशेब परतीच्या वाटेचा आहे. सकाळी 15 पौंड घेऊन चढताना कुठलीही बॅग चांगलीच वाटते.

तुमच्या तिघांचाच हिशेब मांडते. प्रत्येकाचं स्वतःचं सामान 15 ते 20 पौंड धरा. नवरा आणि मित्र त्यावर 60-60 पौंड मांस घेऊ शकतील, रोज व्यायाम असेल तर. तुम्ही पहिल्या वर्षी 30 घ्या, त्याहून जास्त नको. सामान धरून तुमचं एकूण ओझं 45 झालं, म्हणजे तुमच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं अधिक. आता बेरीज करा: 60, 60 आणि 30 मिळून 150. मादी पडली तर तिघांची एक खेप आणि काम संपलं. तुम्ही नसाल तर दोघांना त्या 30 पौंडांसाठी पुन्हा 6 मैल चालावं लागेल किंवा पाठीवर 75-75 घ्यावे लागतील. नर पडला तर दुसरी खेप चुकत नाही, पण मागे 50 पौंड मांस आणि शिंगांसकट डोकं एवढंच उरतं.

"जड मी उचलतो" यामागची माया मला कळते. पण तुमचे 30 पौंड म्हणजे मदतीचा देखावा नाही, त्यावर संध्याकाळ कशी जाणार ते ठरतं. ऑक्टोबरअखेर तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. 9-10 हजार फुटांवर, ओझं घेऊन, झाडं आडवी पडलेल्या उतारावर 3 मैलांना 3 तास सहज लागतात. दुसरी खेप म्हणजे मध्यरात्र किंवा दुसरा दिवस. तेव्हा हा हिशेब नवऱ्यासमोर आणि मित्रासमोर ठेवा, आणि कोण किती नेणार हे घरी, जेवणाच्या टेबलावर ठरवा. जनावर पडल्यावर, थंडीत, दमलेल्या अंगाने हे ठरवायला बसलं की जो मुकाट्याने जास्त उचलतो त्याची पाठ जाते.

मग 45 पौंडांसाठी 800 डॉलर घालायचे का? इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. तुमच्याकडे हायकिंगची बॅग आहे. ती तुमच्या मापाची आहे का, आत फ्रेम आहे का, कमरपट्टा जाड आहे का? असेल तर आधी तिची परीक्षा घ्या.

इंडियन स्टोअरमधून आणलेली सोना मसुरीची 20 पौंडी पिशवी घरात असेलच. त्यात आणखी 10 पौंड तांदूळ किंवा डाळ मिळवा. हे सगळं उशीच्या दोन जुन्या अभ्र्यांत घालून तोंडं घट्ट बांधा. मांसाच्या पिशव्या साधारण अशाच असतात, मऊ, लोळणाऱ्या. ते बॅगेत टाका, वर 15 पौंडांचं सामान, आणि घराजवळच्या चढावर जा. आधी काहीही नीट न बांधता चाला. हाडं काढलेलं मांस कसं वागतं ते लगेच कळेल: तांदूळ तळाला जाऊन बसतो, बॅग खाली फुगते आणि तुम्हाला मागे ओढते. कडेवरचं मूल जागं असताना धरून बसतं आणि झोपलं की अंग टाकून दुप्पट जड होतं, तसंच. आता तळाशी कोट किंवा स्लीपिंग बॅग कोंबा, तांदूळ त्याच्या वर, पाठीच्या मधोमध येईल असा आणि पाठीला चिकटून बसेल असा आवळा. तेच 30 पौंड वेगळे लागतील.

आता पट्ट्यांचा क्रम. सगळे पट्टे सैल करून बॅग चढवा. आधी कमरपट्टा हाडांवर बसवून घट्ट, मग खांद्याचे पट्टे, मग लोड लिफ्टर, शेवटी छातीचा. वीस मिनिटं चालून खांदे चाचपा. खांद्यांवर लाल वळ, बोटांना मुंग्या, पट्टा खाली घसरणं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, यातलं काही झालं तर पट्टे बदलून पुन्हा चाला. तरीही होत असेल तर ती बॅग या कामाची नाही. काही झालं नाही, तर हळूहळू दोन तासांपर्यंत वाढवा. बॅगेने दोन तास निभावले तर यंदाचा हंगाम तिच्यावर निघेल. आत एक जाड कचऱ्याची पिशवी अस्तर म्हणून घाला, म्हणजे रक्त शिवणीत मुरणार नाही. मात्र मांस त्या प्लास्टिकमध्ये फक्त चालण्यापुरतं ठेवा. गाडीपाशी पोचलात की लगेच बाहेर काढा, हवा लागू द्या. आतल्या गरमीने मांस खराब होतं, थंडीच्या दिवसांतसुद्धा.

बाळंतपणानंतरच्या पाठदुखीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मी तिला जास्त महत्त्व देते. तांदळाची परीक्षा सुरू करण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि "45 पौंड, 3 तास, उतारावर" असं नेमकं सांगा. पोटाचे आणि नितंबांचे स्नायू किती तयार आहेत ते ती बघेल. पाठीतून पायात कळ उतरली तर त्या क्षणी ओझं उतरवायचं, पुढच्या वळणापर्यंतही जायचं नाही. सरावात उतार गुडघ्यांना जाच करतो, म्हणून सरावाच्या दिवशी तांदळाऐवजी पाण्याचे कॅन भरून चढा आणि माथ्यावर पाणी ओतून रिकाम्या पाठीने उतरा. ट्रेकिंग पोल मात्र दोन्ही हवेत, शिकारीच्या दिवशी तर हवेतच. आणि जड ओझं जमिनीवरून उचलून पाठीवर फेकू नका. उताराच्या वरच्या अंगाला किंवा आडव्या ओंडक्यावर टेकवा, समोर बसा, पट्टे चढवा, कमरपट्टा आवळा, मग पुढे झुकून गुडघा टेकवत उभ्या राहा. नवऱ्याने मागून फ्रेम धरली तर उत्तम. ओझं जमिनीवरून हिसक्याने उचलतानाच पाठ दुखावण्याची भीती असते.

मित्राची गॅरेजमधली फ्रेम? बघून या. पट्ट्याच्या शिवणी ओढून बघा, बकल दाबून बघा, फोम बोटाने दाबल्यावर परत वर येतो का ते बघा, आणि मुख्य म्हणजे कमरपट्टा तुमच्या हाडांवर बसतो का. नसेल, तर धन्यवाद म्हणून ती नवऱ्याला द्या. त्यांच्या अंगाला ती बसण्याची शक्यता जास्त आहे, आणि मग नव्या फ्रेमचा पैसा तुमच्या मापाच्या फ्रेमला मोकळा होतो. घरात ही अदलाबदल सुचवायला संकोच वाटत असेल तर वाटू देऊ नका. उंच धट्ट्याकट्ट्या माणसाला जुन्या फ्रेमवर भागवता येतं, लहान चणीच्या बाईला नाही. बाजारातल्या बऱ्याच फ्रेम पुरुषांची मापं धरून बनल्या आहेत, त्यामुळे जे तुम्हाला बसेल ते शोधायलाच वेळ आणि पैसा जास्त लागतो.

आणि हायकिंगची बॅग नापास झाली, किंवा पुढची वर्षंही जायचं असं मनाने घेतलं असेल, तर घ्या. पण मोड्युलर म्हणजे सगळं एकदम घ्यायला हवं असं नाही, उलट थोडं थोडं घेता यावं म्हणूनच ते सुटं असतं. फ्रेम, तुमच्या घेराचा पट्टा आणि एक लहानशी बॅग, एवढंच. वरचं झाकण नंतर. मोठी बॅग ज्या वर्षी डोंगरात मुक्काम कराल त्या वर्षी, त्याच फ्रेमवर. पाऊच तर एकही नको. प्रत्येक पाऊच चार-सहा औंसांचा असतो, आणि तो रिकामा राहत नाही हे त्याचं खरं वजन. पट्ट्यावर एक छोटी पिशवी चालेल, हातमोजे आणि चिक्कीसाठी. असं घेतलंत तर त्या 800 डॉलरच्या बेरजेतला बराच भाग पुढे ढकलता येतो. हंगाम संपल्यावर लोक फ्रेम विकायला काढतात, पट्टा तेवढा वेगळा नवा मागवता येतो का ते कंपनीला विचारून मग जुनी घ्यायलाही हरकत नाही.

कापडाकडे एकदा कान द्या. काही चकचकीत लॅमिनेट कापडं थंडीत कडक होतात आणि फांदीला घासली की करकरतात. एल्कचे कान तीक्ष्ण असतात. मऊ नायलॉन थोडं जड, पण शांत.

रंगाचा मुद्दा मात्र जिवाचा आहे. कोलोरॅडोत रायफल हंगामात शिकाऱ्यांना कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावं लागतं, टोपीसकट, चारही बाजूंनी दिसेल असं. तुम्ही जाकीट घालाल आणि वर बॅग चढवाल, म्हणजे मागून तो सगळा रंग झाकला. त्यातून पाठीवर तपकिरी बॅग आणि शिंगं बांधलेलं डोकं असेल तर दुरून काय दिसतं याचा विचार करा. बॅगेवर चढवायचं नारिंगी आवरण वीसेक डॉलरला मिळतं. पहिली खरेदी तीच करा. तुमच्या नावावर टॅग नसला तरी टोपी आणि जाकीट तुम्हीही घाला.

मांसाबद्दल दोन गोष्टी नवऱ्याला ठाऊक असतील, तरी विचारून घ्या. जनावराच्या नर-मादीची खूण मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहायला हवी, ती कापून वेगळी बांधलेली चालत नाही. तो तुकडा कुणाच्या फ्रेमवर जाणार ते ठरवून ठेवा. आणि दुसऱ्या खेपेसाठी मागे ठेवायचं मांस आतड्यांच्या ढिगाजवळ ठेवू नका. दूर, सावलीत, झाडाला टांगून, परत येताना लांबून दिसेल अशा जागी. अस्वलं ऑक्टोबरात अजून हिंडत असतात, त्या जागी आवाज करत, दुर्बिणीतून बघूनच परत जायचं.

3 मैलांबद्दलही एकदा बोला. जागा संरक्षित वाइल्डरनेसमध्ये असेल तर 1964 च्या कायद्याने तिथे चाकाची ढकलगाडीसुद्धा नेता येत नाही. घोड्यावरून मांस उतरवून देणारे पॅकर मिळतात, पण त्यांना आधी विचारावं लागतं, ऐन वेळी ते मोकळे नसतात. राज्याकडे नोंदणी आहे ना तेही पाहा. दोघांचे टॅग आहेत आणि दोन जनावरं पडली तर तुम्ही तिघं ती उतरवू शकणार नाही, हे आत्ताच मान्य करा. मला विचाराल तर पहिल्या वर्षी दीड मैलाच्या आतली जागा निवडा. खेपेचा वेळ निम्मा होतो, आणि तुमची पाठ काय म्हणते ते कळायला दीड मैल पुरतो.

आईला सांगा, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, तिकडे नाही. तिथे किती टॅग द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं कळपांची मोजणी करून ठरवतं, आणि कोलोरॅडोत अमेरिकेतले सर्वांत जास्त एल्क आहेत. लायसन्सच्या पैशांवर त्या खात्याचं बरंच काम चालतं. शिवाय 1937 च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. एवढ्याने आईचं समाधान होईल असं नाही. त्यांना हेही सांगा की वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये आलं. तांबड्या रश्श्याला एल्कची मागची तंगडी चांगली लागते, फक्त चरबी कमी असते म्हणून तेल थोडं सढळ हाताने, आणि मंद आचेवर जास्त वेळ.

खरेदी करायची तर उन्हाळ्यातच करा. नवी फ्रेम आली की लेबलं न काढता, घरातच, स्वच्छ कपड्यांवर, तांदूळ बांधून जिने चढा-उतरा. परत करायची मुदत ऑर्डर देण्याआधी वाचून ठेवा. पट्टा एक माप लहान लागला तर बदलून यायलाही दोन आठवडे जातात, आणि सप्टेंबरात सगळ्यांनाच घाई असते. नवऱ्याची नवी आली आणि मित्राची जुनीही घरी आली, तर ती जुनी गाडीत टाकून ठेवा, मदतीला कुणी आलं तर त्याच्या पाठीवर चढवायला.